तिसऱ्या

माघातली सकाळ. खाडीवर उतरलेला प्रकाश पिवळट, आजाऱ्याच्या डोळ्यांसारखा. पैलतीरावर गगनस्पर्शी, काचवस्त्री मनोरे; त्यांच्या पायाशी तिवरांची काळी, निष्पर्ण खोडं. मधोमध पाणी. मंद, तैलांकित, करड्या फेसाचं पाणी.

चांगुणा ओहोटीच्या चिखलात गुडघाभर उभी होती. कोळणीचे पाय चिखलात पाहतात. टाचेखाली टणक लागलं की वाकायचं, हात घालायचा, शिंपल्यातली जिवंत तिसरी वर काढायची. चाळीस वर्षं तिचे पाय असेच पाहत आले. पण गेले तीन दिवस टाचेखाली नुसत्या शिंपा. रिकाम्या, काळ्या, रिकाम्या.

घरी सुनंदा होती. सातव्या महिन्यात माहेरी आलेली लेक. डोहाळा एकच, आपल्या खाडीच्या तिसऱ्यांचा. दुसरा घास घशाखाली उतरत नव्हता.

"बाजारात मिलतान गो," शेजारची गोमा बांधावरून म्हणाली. "तुझी खाडी आता गटाराच्या घरी नांदते."

चांगुणानं पुन्हा चिखलात हात घातला.

चौथ्या दिवशी मात्र ती बाजारात गेली. दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावरून पहाटे आलेल्या, ओल्या गोणपाटातल्या तिसऱ्या. जिवंत, शुभ्र, वाळूगंधी. पदराखाली झाकून तिने त्या घरी आणल्या.

"आये, गावल्या?"

"गावल्या."

लेकीच्या सुकल्या मुखावर कितीतरी दिवसांनी ऊन पडलं.

पुढचं हातांनी सवयीनं केलं. तिसऱ्यांनी पोटातली वाळू ओकावी म्हणून त्या खाऱ्या पाण्यात ठेवायच्या. आईनं ठेवल्या, आजीनं ठेवल्या. चांगुणानं खाडीचं पाणी टोपभर आणलं, तिसऱ्या त्यात सोडल्या, वर झाकण ठेवलं आणि ती खोबरं वाटायला बसली.

दुपारी झाकण काढलं. साऱ्या शिंपा उघड्या. टिचकी मारली की जिवंत तिसरी चटकन मिटते. तिने एकीला टिचकी मारली. शेजारच्या एकीला मारली. मग एकेक करत सगळ्यांना. एकही मिटली नाही. पाण्यावर एक पातळ, मोरपंखी साय तरंगत होती, आणि ती सुंदर होती.

"चूल पेटवू?" सुनंदा आली. "का आज वाटणाच्या वासावरच जेवायचं?"

"नको पेटवू. मेल्या."

"मेल्या? आपल्या खाडीतल्या ना? सकाली तर जित्या होत्या."

चांगुणाची जीभ खोट्याकडे वळली, आणि वळता वळता थांबली.

"तिसऱ्या परमुलखाच्या होत्या, बाय," ती म्हणाली. "पाणी आपलं होतं."

सुनंदा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. काठोकाठ भरलेली घागर सांभाळावी तसे तिने दोन्ही तळवे पोटावर ठेवले. आणि आत, त्या इवल्या, काळोख्या, निर्मळ पाण्यात, कुणीतरी कूस पालटली.