बाराव्या शिळेवरची जागा

आरमाराचं स्मारक म्हणजे काळ्या दगडाच्या बारा उभ्या शिळा. प्रत्येक शिळेवर एका बुडालेल्या जहाजाचं नाव आणि त्याखाली त्यावरच्या माणसांची नावं. आराखडा शिल्पकार बाईंचा, अक्षरं कोरणारे पाथरवट काका. अकरा शिळा भरल्या होत्या. बारावीबद्दल आरमाराच्या कचेरीतून एकच ओळ आली होती: जागा राखून ठेवावी.

पुढेमागे लागेल म्हणून असेल, असं बाईंना वाटलं. काका मात्र अडून बसले. किती नावं यायची ते कळल्याशिवाय ते दगडावर रेघसुद्धा ओढत नसत; ओळींमधलं अंतर एकदा चुकलं की सगळी शिळाच फुकट. "कचेरीतल्या साहेबांना सांगा, हा दगड आहे, वही नाही," ते म्हणाले. "मागाहून पान चिकटवता येत नाही."

बाईंनी पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. हातात घेतलेल्या गोष्टीची तड लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि त्यावरून मुलगा त्यांना चिडवायचा. तो पाणबुडीवर मेकॅनिक होता. बारा दिवसांत त्याचा निरोप नव्हता, पण तसं नेहमीच व्हायचं. पाण्याखाली पोस्टमन येत नाही गं, असं तो म्हणायचा.

तिसऱ्या पत्रानंतर साहेबांचा फोन आला. त्यांनी आधी बाईंची तब्येत विचारली. यापूर्वी कधी विचारली नव्हती.

"अडतीस नावं," ते म्हणाले. "एकोणीसच्या दोन रांगा करा."

बाईंनी आकडा लिहून घेतला आणि पेन्सिल तिथंच थांबली. गेल्या थंडीत त्यांनी मुलाच्या पाणबुडीवरच्या सगळ्यांसाठी, त्याच्यासकट, लोकरीच्या टोप्या विणल्या होत्या. अडतीस.

"कुठली बोट, साहेब?"

पलीकडे कुणीतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तुम्ही आकडा मागितलात, बाई. खरं तर तोही मी सांगायला नको होता."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

काका शिळेपाशी सूत खडूच्या भुकटीत बुडवून तयार होते. किती, म्हणून त्यांनी विचारलं.

"सदतीस," बाई म्हणाल्या.

काकांनी मनाशी हिशेब केला. "दोन रांगांत सारखी बसायची नाहीत. एक जागा रिकामी राहील."

"राहू द्या."

काकांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. सूत ताणून सोडलं, पांढरी रेघ उमटली. पहिली रांग एकोणीसची झाली, दुसरी अठराची. तिच्या तळाशी तळहाताएवढा काळा दगड उरला. बाई त्याला पाठ लावून खाली बसल्या, आणि काकांनी सूत गुंडाळून ठेवलं तरी उठल्या नाहीत.