बोटीच्या तळातली सासू

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तुमच्या घराच्या दरवाजासारखी मला कडी नाही, बिजागरी नाही, आणि पाहुणे आले म्हणून मी कधी हसतमुखाने उघडलो नाही. एका मोठ्या पांढऱ्या प्रवासी बोटीच्या अगदी तळात, समुद्राच्या पातळीच्याही खाली, कपडे धुण्याचा विभाग आणि इंजिनाकडे जाणारी वाट यांच्यामध्ये मी असतो. मी आडवा सरकतो. भिंतीतून बाहेर येतो आणि समोरच्या चौकटीत घट्ट बसतो. व्याकरणात मी पुल्लिंगी आहे, तरी तळमजल्यावरचे सगळे मला सासू म्हणतात. सासू जागी झाली, सासू कुरकुरली, आज सासूचं डोकं फिरलंय. सुरुवातीला मला फार राग यायचा. आता त्या नावाची सवय झाली आहे.

माझा जन्मच मारहाणीत झाला. भट्टीतून लालबुंद निघालेला जाड पत्रा रुळांखाली रगडला, कापला, ठोकला, आणि त्याच्या कडांना वितळलेल्या लोखंडाचे टाके घातले. मग मला एका हौदाच्या तोंडाशी बसवून मागून पाणी सोडलं. पाणी मला ढकलत होतं, माझं अंग करकरत होतं, आणि कारखान्यातला म्हातारा तपासनीस माझ्या कडेवरून बोट फिरवत होता. बोट कोरडंच राहिलं. "ठीक आहे," असं म्हणून तो जेवायला निघून गेला. एवढंच माझं कौतुक.

मला बळ आहे ते तेलाच्या दाबाचं. मला उघडायला भिंतीवर दोन दांडे आहेत, एक अलीकडे, एक पलीकडे. दांडा ओढला की मी उघडतो. एरवी दांडा सोडला की असेन तिथेच थांबतो. पण समुद्र खवळला की वर कप्तानाच्या खोलीत एक बटण दाबतात, आणि मग माझा स्वभाव पालटतो. मग दांडा सोडला रे सोडला की मी आपोआप मिटू लागतो. मध्ये काय आहे ते मी बघत नाही. माझ्या कडेला डोळे नाहीत, मित्रांनो. मध्ये पिंप असो, गाडा असो, माणूस असो, मला सगळं पाणीच वाटतं. म्हणून माझ्या माथ्यावर एक घंटा बसवली आहे. मी हललो की ती ठणाणा करते आणि शेजारचा दिवा लुकलुकतो. अशा वेळी जायचंच असेल तर दोन्ही हात रिकामे हवेत. मला पूर्ण उघडायचं, एका हाताने अलीकडचा दांडा धरून ठेवायचा, दुसऱ्याने पलीकडचा पकडायचा, आणि मगच पाय उचलायचा.

एकदा खडकाने आमच्या बोटीची कूस फाडली. माझ्या पलीकडच्या खोलीत समुद्र घुसला आणि तिथली पिंपं, लोखंडी मांडण्या, हत्यारांच्या पेट्या उचलून माझ्यावर आपटू लागला. एकेका दणक्याने माझा रंग उडत होता. अलीकडे कामगार भिंतीला पाठ लावून उभे होते आणि माझ्या कडांकडे बघत होते. मी हटलो नाही. बंदर गाठल्यावर खुद्द कप्तान खाली आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून "शाबास" म्हणाला. त्या थापेवर मी बरीच वर्षं काढली.

पण कौतुकाला किती दिवस किंमत राहते? हळूहळू लोक माझ्या उंबऱ्यावर बसून विडी ओढायला लागले, दांड्याला ओले मोजे वाळत घालायला लागले. एकदा आंघोळीच्या नंबरावरून पाववाला आणि भांडीवाला यांची जुंपली. पाववाल्याने भांडीवाल्याची मान धरून त्याचं तोंड माझ्यावर इतक्या जोरात हाणलं, की त्याचा पुढचा दात तुटून माझ्या खोबणीत पडला. दोघांना पगार कापून सोडून दिलं. तो दात काढायची आठवण मात्र कुणाला झाली नाही.

वरच्या मजल्यांवर लांबच्या सफरीला निघालेले प्रवासी बोटीवर रुळतात म्हणजे काय, तर बॅगा रिकाम्या करतात, जेवणाच्या वेळा पाठ करतात, आणि उन्हातल्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरतात. खाली रुळणं वेगळं असतं. इथे खिडकी नाही, त्यामुळे सकाळ झाली ते फक्त भोंग्यावरून कळतं. नवा माणूस पहिल्यांदा डोकं फोडून घेतो, कारण प्रत्येक वळणावर पाइप आहे. मग बादली पोटाशी धरून आतडी पिळवटेपर्यंत ओकतो. मग रडतो. मग एके दिवशी बोट कलते तसा आपोआप कलून चालायला लागतो, आणि आम्ही समजतो, हा आता आपला झाला.

अशीच एक नवी मुलगी या सफरीत आली. तिला चादरींना इस्त्री करायचं काम मिळालं होतं, म्हणून सगळे तिला इस्त्रीवाली म्हणू लागले. तिचा नवरा इंजिनाच्या खोलीत यंत्रांना ग्रीस लावायचा. तो या बोटीवरचा मुरलेला माणूस. साहेबांच्या मागे लागून लागून त्याने बायकोला इथे नोकरी मिळवून दिली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एका छपराखाली राहत होते. ते छप्पर पाण्याच्या खाली होतं, एवढंच.

कपडे धुण्याच्या विभागाच्या मुख्य बाईंना सगळे काकू म्हणत. दंड जाडजूड, आवाज त्याहून मोठा. यंत्रांच्या घरघरीत त्यांचे कान केव्हाच गेले होते, म्हणून त्या साधं बोलल्या तरी भांडल्यासारखं वाटे. पहिल्याच दिवशी त्यांनी इस्त्रीवालीला माझ्यासमोर उभं केलं.

"हात दाखव. रिकामे आहेत? मग जा. हातात काही असेल तर थांब, हाक मार, कुणीतरी येईल. घाई केलीस तर ही सासू तुझे दोन तुकडे करेल आणि तिला कळणारही नाही."

ग्रीसवाला तिथेच होता. तो हसला. त्याची पद्धत साऱ्या तळमजल्याला ठाऊक होती. मला अर्धवट उघडायचं, दांडा सोडायचा आणि अंग चोरून फटीतून सटकायचं.

"अरे, तू काय मांजर आहेस?" काकू ओरडल्या.

"काकू, इतकी वर्षं जातोय. सासूने कधी बोटही लावलं नाही."

खरंच लावलं नव्हतं. पण ते माझ्या प्रेमामुळे नव्हे. तो एरवीच्या दिवशी तसा जायचा, आणि एरवी मी थांबतो म्हणून.

त्या दोघांची खोली माझ्या भिंतीला लागून होती. इस्त्रीवालीला बोट लागली होती. पोटात पाण्याचा घोट टिकत नव्हता. त्यात डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी मला उघडायचं आणि घंटा तिच्या उशाशी बडवायला लागायची.

"अहो, ही सासू मला झोपू देईना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"कुणाची सासू? तुझी की माझी?"

"माझीच. माझी आई असं नाही वागत."

तो खो खो हसला. मग बाहेर आला, एक जुना टॉवेल फाडला, त्याचा बोळा केला आणि माझ्या घंटेत गच्च कोंबला. त्यानंतर मी हललो की माझ्या माथ्यावर फक्त खोकल्यासारखा आवाज व्हायचा. काकूंना तर घंटा आधीही नीट ऐकू येत नव्हती, त्यामुळे त्यांच्या काही लक्षात आलं नाही. बाकीच्यांना बरंच वाटलं. इस्त्रीवाली पोटभर झोपली. मित्रांनो, इतक्या मायेने माझा गळा कुणी दाबला नव्हता.

जमीन मागे राहून बरेच दिवस झाले होते तेव्हा वादळ आलं. भर दुपारी समुद्राने बोटीला धरून भिंतीवर आपटावं तसं आपटायला सुरुवात केली. वर काचसामान फुटल्याचे आवाज येत होते. खाली ओल्या चादरींनी भरलेले गाडे साखळ्या तोडून सुटले आणि रेड्यांसारखे एकमेकांवर धडकू लागले. एका गाड्याने काकूंना भिंतीशी चेपलं. त्यांचा पाय अडकला आणि त्या तिथल्या तिथे खिळल्या. इस्त्रीवाली एका खांबाला मिठी मारून बसली होती, तोंड पांढरंफटक. वर बटण दाबलं गेलं. मी मिटलो. घंटा खोकली.

इंजिनाच्या गडगडाटात, दारं आता आपोआप मिटतील, ही वरून दिलेली सूचना ग्रीसवाल्याला ऐकूच गेली नाही. त्याच्या मनात एकच होतं, बायकोच्या पोटात सकाळपासून काही नाही. एका हातात गरम पाण्याचा थर्मास आणि दुसऱ्यात पावाची पिशवी घेऊन तो पलीकडून आला. कोपराने त्याने दांडा ओढला. मी अर्धा उघडलो. त्याने कोपर काढलं आणि नेहमीसारखा फटीतून सटकला.

मी मिटायला लागलो.

मी घंटेला हाका मारत होतो. ती तोंडात बोळा घेऊन नुसती थरथरत होती. माझ्यावरचा दिवा लुकलुकत होता, पण ग्रीसवाला बायकोकडे बघून हसत होता. तेवढ्यात बोट कलली, ओल्या उंबऱ्यावरून त्याचा पाय घसरला, आणि मागे राहिलेली नडगी माझ्या आणि चौकटीच्या मध्ये आली. मला पाणी वाटलं. मी दाबलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि तरी मी दाबतच राहिलो, कारण मला तसंच घडवलं आहे.

त्याची किंकाळी इंजिनाच्याही वर गेली. थर्मास फुटला, उकळतं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. इस्त्रीवाली खांब सोडून धावली, पडली, सरपटत आली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. ती ओढू लागली. जितकी ती ओढायची तितका पाय फाटायचा. उंबऱ्यावरून रक्त वाहत माझ्या खोबणीत उतरत होतं.

"सोड त्याला!" काकू गाड्यामागून ओरडल्या. "सोड, दांडा धर!"

"सोडू नको!" तो ओरडला. "मला सोडू नको!"

"अगं, ओढून नाही निघणार तो! मरेल! दांडा धर!"

ती एकदा काकूंकडे बघायची, एकदा त्याच्याकडे. त्याने तिची मनगटं इतकी आवळली होती, की नखं आत रुतली होती. मग तिने असा हिसका दिला, की तिच्याच मनगटाची कातडी सोलली गेली. तिने त्याचे हात झिडकारले. तो तोंडावर आपटला. ती उठली, दांड्याला लोंबकळली आणि साऱ्या अंगाने खाली ओढला. मी उघडलो. तिने पायाने त्याला ढकलून आत घेतलं, आणि मगच दांडा सोडला.

किनारा इतका दूर होता, की मदत येण्यासारखी नव्हती. बोटीवरच्या डॉक्टरीण बाईंनी वादळातच, स्वतःला टेबलाशी बांधून घेऊन, त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली एक मोठा पाना घेऊन माझ्यासमोर आली आणि मला मारत सुटली. हात सोलटेपर्यंत मारलं. माझ्या छातीवर खड्डे पडले. मग तिची नजर वर गेली. तिने स्टूल ओढलं, घंटेतला बोळा उपसून काढला आणि तो पोटाशी धरून माझ्या उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली.

आठवडाभराने त्याला त्यांच्या खोलीत आणलं. भिंत एकच असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. ती जेवण भरवायची, तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा मात्र बोलला.

"तू माझा हात सोडलास."

"हो," ती म्हणाली. "सोडला."

"मी ओरडत होतो, सोडू नको म्हणून."

"ऐकत होते मी. अजून ऐकते. डोळे मिटले की तेच ऐकते." मग ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. "पण परत तीच वेळ आली तर परत सोडेन. तुम्हाला राग आला तरी चालेल. राग धरायला तुम्ही आहात ना, तेवढं मला पुरे."

मित्रांनो, तुमच्या घरातही सारखं ओरडणारं कुणीतरी असेल. हे करू नको, तिकडे जाऊ नको, हळू चाल. तुम्हाला झोप हवी असते, त्यांचा आवाज नको असतो. त्यांच्या तोंडात बोळा कोंबण्याआधी, कळकळीने सांगतो, एकदा विचारा की ते कशासाठी ओरडताहेत. मला शिव्या द्या, पान्याने मारा, माझं काही म्हणणं नाही. माझ्यापाशी शक्ती खूप आहे, पण थांबायची अक्कल नाही. ती तुम्हालाच ठेवावी लागेल.

परवा सफर संपली. बोट बंदरात शिरत होती, आणि बंदरात शिरतानाही वर ते बटण दाबतात. ग्रीसवाल्याला उतरण्याआधी पलीकडे इंजिनाच्या खोलीत सगळ्यांचा निरोप घ्यायचा होता. तो दोन कुबड्यांवर माझ्यासमोर आला आणि थांबला. त्याचा एकही हात रिकामा नव्हता.

इस्त्रीवाली पुढे झाली. तिने मला पूर्ण उघडलं आणि चौकटीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, अलीकडचा आणि पलीकडचा दांडा धरला. माथ्यावर घंटा कान फाडत होती. तो हलेना. तो माझ्याकडे नाही, तिच्या मनगटांवरच्या वणांकडे बघत होता.

"सोडू नकोस हं," तो म्हणाला.

"नाही सोडत. तुम्ही या."

त्याने आधी कुबड्या उंबऱ्यापलीकडे टेकवल्या, मग पाय. तो पूर्ण पलीकडे गेला, वळून उभा राहिला, पलीकडचा दांडा धरूनच तीही त्याच्यापाशी गेली, आणि मग तिने मला मिटू दिलं.