छप्पर नसलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे. माझ्यावर छप्पर नाही, माझ्यामागे घर नाही, आणि मित्रांनो, खरं सांगते, ते कधी नव्हतंच. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या वाटेवर, कन्याशाळेच्या आवारात मी उभी आहे. नवखा माणूस मला पाहून विचारतो, "इथलं घर पडलं वाटतं?" तेव्हा मला फार राग येतो. पडक्या घराची भिंत वेगळी आणि मी वेगळी. मला परीक्षेसाठी बांधलं होतं.

ही गोष्ट १९२९ सालच्या उन्हाळ्यातली. रावजी आमच्या गावचाच. मुंबईला इमारतींचे नकाशे काढायला शिकत होता. गावाने कन्याशाळा बांधायचं ठरवलं आणि नकाशा त्याच्याकडून घेतला. समुद्राच्या बाजूला उंच, सरळ, सिमेंटच्या गिलाव्याची गुळगुळीत भिंत आणि तिच्यावर छपराची जेमतेम वीतभर वळचण. नकाशा देखणा होता. मुंबईच्या गुरुजींनीही पाठ थोपटली होती.

हुसेनभाई गवंड्यांनी तो कागद उभा-आडवा करून पाहिला आणि म्हणाले, "चित्र झ्याक हाय, रावजी. पन ह्या चित्रावर अजून पाऊस पडलेला नाय."

दुसरा कोणी असता तर रागावला असता. रावजीने दोन दिवस नकाशा पुन्हा पुन्हा तपासला. दसऱ्याला शाळेची पायाभरणी व्हायची होती. त्याआधी एकच पावसाळा हाताशी होता. तिसऱ्या दिवशी तो हुसेनभाईंकडे जाऊन म्हणाला, "मग पाडू या पाऊस."

अशी मी जन्मले. दहा हात लांब, पुरुषभर उंच, तोंड समुद्राकडे. माझा अर्धा भाग रावजीचा, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा. अर्धा हुसेनभाईंचा, म्हणजे चिरे उघडे आणि सांध्यांत चुना. पावसाळाभर मला भिजू द्यायचं, मग कोणता अर्धा टिकतो ते पाहायचं, असं ठरलं. गावात हसू झालं. छप्पर नसलेली भिंत म्हणजे नवरदेवाशिवाय वरात! मी मात्र ताठ उभी होते. एवढं महत्त्वाचं काम कोणत्या भिंतीला मिळतं?

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत रावजी मुंबईला गेला. हुसेनभाई भातलावणीसाठी आपल्या गावी गेले. आणि मिरगाच्या आदल्या दिवशी, डोक्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले सहा झाप घेऊन, शेजारची हौसा आली. माझ्याकडे पाहून ती हळहळली. आमच्याकडे समुद्राकडची भिंत पावसाळ्यात कोणी उघडी ठेवत नाही. तिने ते सहाही झाप माझ्या मधोमध काथ्याने घट्ट बांधले. परीक्षेचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मला कुठे बोलता येतं?

गणपतीला रावजी घाटरस्त्याने घरी आला, तो थेट माझ्यापाशी. झाप पाहून त्याने शेजारी हाक मारली.

"हौसाकाकी, काय केलंत हे! माझा अख्खा पावसाळा फुकट गेला!"

हौसा गोंधळली. "आता गं बया! उगडी पडलीवती बिचारी. पावसात भिंत उगडी टाकतं व्हय कोन?"

परत आलेल्या हुसेनभाईंनी झाप सोडले. मग बोटांनी माझ्यावर टकटक करत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. रावजीच्या टोकाला गिलाव्याला भेगा पडल्या होत्या, तो फुगून पोकळ वाजत होता. हुसेनभाईंचं टोक बरं होतं, तरी चुना धुपलेला आणि चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं. मधला भाग मात्र दोन्हीकडे सारखाच खडखडीत कोरडा!

"मी हरलो," रावजी म्हणाला.

"मी तरी खंय जिकलंय?" हुसेनभाई हसले. "जिकले ते काकीचे झाप."

तेव्हा रावजीच्या ध्यानात आलं की प्रश्नच चुकला होता. भिंतीला काय फासावं हे तो विचारत बसला. तिच्यावर पाऊस येऊच नये म्हणून काय करावं, हे हौसाला आईच्या दुधाबरोबर ठाऊक होतं.

पण दसरा तोंडावर होता. रावजी नकाशा बदलू म्हणाला, तेव्हा शाळेच्या समितीतले एक गृहस्थ चिडून म्हणाले, "आम्ही पसंत केलेल्या नकाशाला तूच चूक म्हणतोस?"

"हो," रावजी म्हणाला. "त्या भिंतीला पाठ लावून मुली बसणार आहेत." त्याने शब्द मागे घेतला नाही.

पायाभरणी महिनाभर लांबली. नव्या नकाशात समुद्राच्या बाजूला खोल पडवी आली, खाली उतरत आलेल्या कौलांची. कॉलेजला दिलेल्या निबंधात रावजीने लिहिलं, 'हा शोध हौसाकाकींचा.' परीक्षकांनी समासात पेन्सिलीने विचारलं, 'ग्रंथाचे नाव द्यावे.' रावजी हे सांगून अजून हसतो.

शाळा झाली आणि मला सगळे विसरले. मुली माझ्यावर ओले रुमाल वाळत घालतात, बकऱ्या अंग घासतात. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? हौसा मात्र दरवर्षी झाप घेऊन येते आणि दरवर्षी वेगळा भाग झाकते. आता तिलाही उत्तरं हवी असतात.

यंदा शाळेला दोन खोल्या वाढवायच्या आहेत. नव्या इंजिनिअर साहेबांचा नकाशा देखणा आहे, पण त्यात पडवी नाही. मला पाडून माझे चिरे त्या खोल्यांच्या पायासाठी वापरायचं ठरलं आहे. मित्रांनो, मला चिऱ्यांचा मोह नाही. खुशाल मला पाडा. पण त्याच चिऱ्यांची आधी नव्या नकाशातली एक भिंत बांधा, तिला एक पावसाळा द्या, आणि शेजारणीला विचारायला लाजू नका.

काल गडी पहारी घेऊन आले. हौसा झाप बांधत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा रे," ती म्हणाली. "यंदाचा पाऊस अजून बघायचा हाय."