तेलाच्या काठीवरची ओवी

"गोदे, बैलांना पाणी दाखवलंस काय गो?"

उमरठला बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता गोठ्याकडून हा आवाज यायचा. गोदावरीचा बा, गोमाजी, गाडी जुंपायच्या आधी एवढं एकच विचारायचा. पोलादपूरपर्यंतची चढउताराची वाट, गाडीत तांदळाची पोती, पण त्याचा जीव बैलांच्या घशात अडकलेला. गोदावरी घमेलं घेऊन जायची. बैल पाण्यात तोंड बुडवायचे आणि त्यांच्या गळ्यातून उतरणारा एकेक घोट ऐकत ती तिथेच उभी राहायची.

पुढे बा गेला, बैल गेले, गोदावरी लग्न होऊन महाडला आली. आवाज मात्र तिच्याबरोबर सासरी आला. चौऱ्याण्णव साली तिचे यजमान हरीभाऊ रिटायर झाले आणि त्यांनी एका डॉक्टरांची जुनी दुधी रंगाची फियाट विकत घेतली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिने विचारलं, "अहो, गाडीला पाणी दाखवलंत काय?"

हरीभाऊ खो खो हसले. "हिला नुसतं पाणी पुरत नाही, गोदा. इंजिनाला तेल लागतं, ब्रेकचं तेल वेगळं, बॅटरीला वेगळं पाणी, चाकांना हवा."

"अगो बाई! बाळंतिणीचेही एवढे लाड कोण करत नाय!"

मग त्यांनी बॉनेट उघडून तिला सगळं दाखवलं. गाडी सपाट जागी हवी, इंजिन गार हवं. तेलाची काठी ओढायची, पुसायची, पुन्हा आत घालायची आणि मग काढून बघायची. काठीवर दोन रेघा असतात, तेल त्यांच्या मध्ये असलं की गाडी खूश. गोदावरीला ही नावं आणि हा क्रम काही केल्या ध्यानात राहीना. तिची ध्यानात ठेवण्याची रीत एकच, आईकडून आलेली ओवी. दुसऱ्या शनिवारी ती पदर खोचून गाडीपुढे उभी राहिली आणि तिने गळा सोडला.

*तेलाची गो काठी, आधी फडक्यानं पुसावी,*
*दोन रेघांच्या मधी, धार तेलाची दिसावी.*

*पाण्याचं झाकण, गरम असता खोलू नये,*
*रागावल्या माणसाशी, लगेच गो बोलू नये.*

*ब्रेकच्या तेलाची, भरली असू दे नळी,*
*कुंकवाच्या धन्या, पुढं हाय आंबेनळी.*

हरीभाऊ हातातलं फडकं विसरून ऐकत राहिले. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ती गायची आणि ते बघायचे. गल्लीतले लोक म्हणत, हरीभाऊंची गाडी भूपाळी ऐकल्याशिवाय उठत नाही. बॅटरीच्या सहा झाकणांची ओवी झाली, पंख्याच्या पट्ट्याची झाली, स्टेपनीचीसुद्धा झाली. जे दिसेल तेच ओवीत यायचं. तेल कमी असेल तर कमी, पाणी गढूळ असेल तर गढूळ. ओवीत खोटं घालायचं नाही, हा गोदावरीचा नेम होता.

गेल्या गणपतीपासून मात्र या भूपाळीत काहीतरी उलटं झालं होतं. आता हरीभाऊ म्हणायचे, "तूच बघ आणि तूच गा. तुझ्या डोळ्यांना सराव हवा." काठी हातात आली की ते आधी अंगठ्याने चाचपायचे, नाकाशी न्यायचे आणि मग मान हलवायचे. एकदा शेजारच्या वकिलांच्या दारात काळा कोट वाळत घातला होता, त्याला त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "काय साहेब, आज कोर्टाला सुट्टी?" गोदावरी थांबून बघत राहिली तेव्हा म्हणाले, "चेष्टा केली गं. तुला चेष्टासुद्धा कळत नाही."

तिला चेष्टा कळत होती. त्यांच्या दोन्ही बुबुळांवर दुधावर धरावी तशी साय धरलेली तिने दुपारच्या उजेडात पाहिली होती.

पण सांगणार कोण? हरीभाऊ जमीन मोजणी खात्यातले. उभा जन्म त्यांनी तालुक्यातले बांध मोजण्यात घालवला होता. मोजणीची साखळी उलगडायच्या आधी नुसती मान तिरकी करून ते म्हणायचे, "बांध इकडे सरकलाय," आणि मोजल्यावर तो सरकलेलाच निघायचा. भांडणारे दोन्ही भाऊ त्यांची रेघ मानायचे आणि दोघांच्याही घरी त्यांना चहा व्हायचा. अशा माणसाला "तुम्हाला दिसत नाय" कसं म्हणायचं? एकदा तिने नुसतं "चष्म्याचा नंबर बघून घ्या ना" म्हटलं, तर ते आठवडाभर पेपर घेऊन माडीवर जाऊन बसले. वाचत नव्हते, नुसते बसले होते.

आणि उद्या रविवार होता. उद्या आंबेनळीचा घाट चढून प्रतापगडला जायचं होतं. नात श्रिया पाच महिन्यांची झाली होती आणि तिला भवानीच्या पायांवर घालायचं ठरलं होतं. सून देवश्री बाळाला घेऊन काल मुंबईहून आली होती, मुलगा निषाद आज उशिरा यायचा होता. त्याच्या कानावर घातलं तर तो सगळ्यांदेखत बापाच्या हातातली किल्ली काढून घेईल, आणि ते गोदावरीला बघवलं नसतं. हरीभाऊंनी आपल्या तोंडाने म्हणायला हवं होतं. रविवारच्या आत म्हणायला हवं होतं. घाटातल्या त्या वळणांवर एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, आणि मागच्या सीटवर तिच्या मांडीवर श्रिया.

म्हणून शनिवारी सकाळी गोदावरीने ठरवलं, आज आपण खोटं गायचं.

हरीभाऊ बाह्या दुमडून आले. "चला, गोदाबाई, उद्या घाट आहे. आज एकही ओवी गाळायची नाही."

देवश्री बाळाला खांद्यावर टाकून पायरीवर येऊन बसली होती. "आई, मला फोनवर नेहमी सांगता ना, ते आज लाईव्ह ऐकायला मिळणार!"

"ऐक, ऐक. आणि मधी बोलायचं नाय हां," गोदावरी म्हणाली.

तिने काठी ओढली, फडक्याने लख्ख पुसली, आणि पुन्हा आत घातलीच नाही. घसा खाकरला. मग गाऊ लागली.

*तेलाची गो काठी, पुसली मी फडक्यानं,*
*वरल्या रेघेपाशी, तेल बसलंय दिमाखानं.*

हरीभाऊंनी हात पुढे केला. अंगठा काठीला लागणार, तेवढ्यात ती म्हणाली, "हात तेलकट करू नका, मग पोरीला घ्याल ते. नुसतं बघा."

त्यांनी काठी दुरूनच न्याहाळली. आभाळाच्या बाजूला तोंड केलं, मान तिरकी केली, एक डोळा मिटला. मग समाधानाने म्हणाले, "वा! रंग तर बघ, अजून मधासारखा आहे."

पायरीवर देवश्रीने तोंड उघडलं. काठी उन्हात कोरडी चकाकत होती, हे तिला तिथून दिसत होतं. गोदावरीने डोळे वटारले, तशी तिने तोंड मिटलं आणि बाळाची पाठ थोपटू लागली.

गोदावरीला वाटलं होतं, एवढ्यात होऊन जाईल. 'गोदा, काठी कोरडी आहे' असं तरी म्हणतील, नाहीतर 'मला काही दिसत नाही बुवा' असं तरी. मधासारखा रंग! तिला हसूच आलं. आता ब्रेक. ब्रेकच्या तेलाची डबी तिने उजाडताच बघून ठेवली होती, गळ्यापर्यंत भरलेली. ती रिकामी आहे म्हटल्यावर तरी वाकून बघतीलच.

*ब्रेकच्या तेलाची, रिकामी झाली नळी,*
*कुंकवाच्या धन्या, कशी चढू आंबेनळी?*

हरीभाऊंचा चेहरा उतरला. "रिकामी? मागच्या शनिवारी तर भरलेली होती." ब्रेकचं तेल आठवड्यात आटत नाही, आटलं तर कुठेतरी गळती आहे आणि गळकी गाडी दारातून हलवायची नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. गोदावरी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. आता म्हणतील, आता म्हणतील.

"काही नाही," ते म्हणाले. "झाकण ढिलं असेल. भरून घेऊ."

त्यांनी डिकीतून तेलाचा डबा आणला. बोटांनी चाचपत बरोबर झाकण शोधलं, फिरवून काढलं आणि डबा कलता केला. धार भरल्या डबीत पडली, काठावरून सांडली, खाली आली, आणि दुधी रंगाच्या पत्र्यावर ओघळू लागली. हरीभाऊ कान देऊन ओततच होते.

"बाबा, उतू जातंय!" देवश्री ओरडली.

"अहो, थांबा! थांबा म्हणते ना!" गोदावरीने त्यांचं मनगट धरलं. "पाणी आण गो देवश्री, पाणी! हे तेल रंग खातं!"

देवश्री एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने दारातली बादली घेऊन धावली. श्रियाच्या अंघोळीचं कोमट पाणी होतं ते. गोदावरीने डबीचं झाकण लावून तांब्यावर तांब्या ओतला. गाडीला बाळाची अंघोळ झाली आणि बाळ ते बघून बोळकं पसरून हसलं.

हरीभाऊ मात्र पायरीवर जाऊन बसले. डबा अजून हातातच होता. गोदावरीने पत्रा पुसला, डबी पुसली, काठी तेलात बुडवून खरं तेल बघून घेतलं आणि बॉनेट लावलं. बोलली काहीच नाही. गरम झाकणाची ओवी तिचीच होती.

शेवटी त्यांनी डबा खाली ठेवला, तिने पुढे केलेल्या तांब्यातल्या पाण्याने हात धुतले आणि विचारलं, "भरलेली होती?"

"गळ्यापर्यंत."

"आणि काठी?"

"कोरडी ठणठणीत."

"गोदा," ते म्हणाले, "तू ओवीत खोटं गायलीस."

"गायले. तोंड विटाळल्यासारखं वाटतंय माझं मलाच." तिचा आवाज चढला आणि उमरठचा झाला. "पण डबी खरंच रिकामी असती, तर तुम्ही ती भरून गाडी घाटात नेली असतीत का नाय? सांगा की! मधासारखा रंग म्हणे! मी ह्या लेकराला मांडीवर घेऊन तुमच्या मागं बसले असते आणि तुम्ही कड्याला नमस्कार केला असतात, काय साहेब म्हणून!"

देवश्रीने खाली मान घालून हसू दाबलं. हरीभाऊ हसले नाहीत. समोर, जिथे गाडी होती तिच्या जरा डावीकडे, बघत राहिले.

"आई, मी दुसरं पाणी तापवते," देवश्री हळूच म्हणाली. "बाबा, जरा हिला धरता?" आणि उत्तराची वाट न बघता तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती आत गेली.

श्रियाने आजोबांचं बोट पकडलं आणि तोंडात घालायला ओढलं. त्यांनी हात धोतराला पुसला. मग अंगठा तिच्या कपाळावरून नेला, भुवयांवरून, नाकाच्या शेंड्यावरून, गालाच्या फुगीवरून, सावकाश, रेघ कुठे आहे ते शोधावं तसा. गोदावरी शेजारी येऊन बसली. पाण्याने निथळणारा पदर तिने पिळला.

"सगळे मला विचारतात, नात कोणावर गेलीय," हरीभाऊ म्हणाले. "मी म्हणतो, माझ्यावर. लोक खूश होतात."

"मग?"

बाळाने त्यांच्या अंगठ्याला हिरड्यांनी चावा घेतला.

"मला दिसत नाही गं, गोदा," ते म्हणाले. "काठीवरची रेघ दिसत नाही. आणि हिचं तोंड मी अजून बघितलेलं नाही. एकदासुद्धा नाही."