चिमणीचं झाकण

या, जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. रागानं सांगणार आहे, तेव्हा चूकभूल आधीच पोटात घाला.

मी दारू मुरवायचं एक जुनं, ओकच्या लाकडाचं पिंप आहे. मित्रांनो, दारूचं नाव ऐकून नाक मुरडू नका. मी पाजणारा नव्हे, सांभाळणारा. देवानं मला तोंड दिलं, पण माणसांनी त्यात बूच ठोकलं. नाहीतर त्या दिवशी मी गप्प बसलो नसतो!

मला घडवलं मिस्त्रीकाकांनी. एकतीस फळ्या वाळवल्या, वाकवल्या, आतून विस्तवावर भाजल्या. खिळा नाही, सरस नाही. फटीत लव्हाळ्याची पात आणि बाहेरून आवळलेली गोल लोखंडी कडी. शेवटी झाकणावर तापल्या सळीनं इवलीशी चिमणी डागली. ती त्यांची खूण. आधी कैक वर्षं माझ्या पोटात शेरी, म्हणजे द्राक्षांची गोड दारू, नांदली. मग दुसरीकडे बारा वर्षं मुरलेली सातूची व्हिस्की शेवटची दोन वर्षं माझ्याकडे मुक्कामाला येऊ लागली. यायची तेव्हा भांडखोर असायची. जाताना मनुका, जायफळ, अक्रोड अंगावर लेवून जायची. काका बुचाशी नाक नेऊन विचारायचे, "काय गड्या, सुनबाई रुळली का?"

पुढे दारूच्या कारखान्याचा कारभार धाकट्या मालकांकडे आला.

"काका, मोठी पाहुणेमंडळी चाखायला येणार आहेत. झाकणावर माझं नाव पाहिजे. चिमण्या कसल्या डागता? बालवाडी आहे का ही?"

"मालक, नव्या झाकणाचं लाकूड कच्चं आहे. आतल्या मालाला त्याची चव लागेल. वर्षभर वाळू द्या."

"तुम्ही वाळा वर्षभर!"

मालकांनी दुसऱ्याच सुताराकडून झाकण बदलून घेतलं. सहा महिने ते कच्चं लाकूड माझ्या मालाला चाटत राहिलं. मला कळत होतं. पण तोंडात बूच!

पाहुणे आले. चाखणाऱ्या बाईंनी पेला तिरपा करून हुंगला, घोट जिभेवर घोळवला. "मनुका... जायफळ... अंगानं भक्कम आहे हं!" मालक फुलले. बाईंनी दोन थेंब पाणी घातलं, पुन्हा घोट घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "शेवटी हे काय? पेन्सिल चघळल्यासारखं लागतंय."

मालकांनी तत्काळ काकांकडे बोट दाखवलं. "या म्हाताऱ्याची करणी! नाक गेलंय त्यांचं. उद्यापासून येऊ नका, काका."

अरे लबाडा! खोटं बोलताना वर 'काका' म्हणायला जीभ कशी वळली तुझी? देव बघतो म्हणतात. मग त्या क्षणी माझं एक तरी कडं तुझ्या पायावर का पडलं नाही?

काका भांडले नाहीत. कोपऱ्यात टाकलेलं जुनं झाकण त्यांनी काखेत घेतलं आणि जाताना बाईंना एवढंच म्हणाले, "ताई, तुमची जीभ खरी आहे."

बाईंनी नव्या झाकणावरचं कोरीव नाव वाचलं. मालकांकडे पाहिलं. पेला तसाच खाली ठेवला.

मित्रांनो, कारागिराला जपा. झाकणावरचं नाव वाचायचं तर वाचा, पण कुणी "वा, काय मनुका उतरल्यात!" म्हणालं, तर माझ्या मिस्त्रीकाकांची एकदा आठवण काढा. हयात आहेत ते. नाकही शाबूत आहे.