घरात माणसं किती

आत्याने काउंटरवरचा छोटा गीझर दोन बोटांनी बाजूला सरकवला आणि वरच्या फळीवरच्या गोल पोटाच्या पांढऱ्या टाकीकडे बोट केलं.

"तो काढा."

दुकानदार जागचा हलला नाही. त्याने आधी आत्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या भाच्याकडे पाहिलं.

"घरात माणसं किती?"

"एक," भाचा म्हणाला. "आमची ही आत्या. एकटीच असते. तीन लिटरचा पुरे झाला."

"तीन लिटरचा स्वयंपाकघरात लावतात हो, भांडी धुवायला. अंघोळीला एका माणसाला दहाचा बरा. कढत पाण्यात गार मिसळलं की भरपूर होतं."

"मग दहाचा द्या."

"पंचवीस," आत्या म्हणाली.

तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. आकडा ती अशा काही स्वच्छ आवाजात सांगायची की समोरच्याला पुन्हा विचारायची सोय उरत नसे. भाच्याने तरी विचारलंच.

"पंचवीस? त्यात दोन माणसांच्या पाठोपाठ अंघोळी होतील. तू काय पोहणार आहेस?"

"पोहेन."

"उगाच वीज जाळायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने."

"अंथरूण माझं, पायही माझेच. तू कशाला आखडून बसतोस?"

दुकानदाराने हसू लपवायला मान खाली घातली आणि पावतीपुस्तक शोधल्यासारखं केलं. मग तो पहिल्यांदाच थेट आत्याशी बोलला. "भिंत कशी आहे? भरलेली टाकी जड होते. अर्ध्या विटेची भिंत असेल तर मी देणार नाही."

"पूर्ण विटेची. ठोकून बघितलीय मी."

"कुणी पेइंग गेस्ट ठेवतेयस का?" भाच्याने विचारलं.

आत्याने पर्स उघडली. "रविवारी माणूस पाठवा बसवायला," ती दुकानदाराला म्हणाली.

भाचा मनाने वाईट नव्हता. मागच्या महिन्यात आत्याचा जुना गीझर गळायला लागला, तेव्हा तोच येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला होता. पाहुणी म्हणून सकाळची पहिली अंघोळ तिची. मग भाचा, त्याची बायको, दोन मुलं. घराबाहेर पडताना भाचा गीझरचं बटण बंद करायचा. तोवर त्याच्या आईची, म्हणजे आत्याच्या वहिनीची, अंघोळ झालेली नसायची. सकाळपासून ती डब्यांच्या मागे असायची. बटण पुन्हा लावू नकोस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. लाव असंही कुणी म्हटलं नव्हतं. ती गॅसवर पातेलं चढवायची आणि फडक्याने धरून, भिंतीच्या कडेकडेने, न्हाणीघरापर्यंत न्यायची.

तिसऱ्या दिवशी आत्याला वहिनीच्या डाव्या पायावरची पट्टी दिसली.

"हे काय, वहिनी?"

"काही नाही हो वन्सं. थोडं सांडलं."

"बटण दाबायला काय धाड भरली होती?"

"बिल फार येतं म्हणतो तो. आणि मला आता कोमटच बरं वाटतं."

आत्याने हातातला कप खाली ठेवला. भाऊ होता तेव्हा ती सगळी एकाच घरात राहत, आणि तेव्हा या दोघींची सगळ्यांत मोठी भांडणं गरम पाण्यावरून होत. वहिनी आत शिरली की आरसा आंधळा होईपर्यंत बाहेर यायची नाही. यायची ती लालबुंद होऊन, खुशीत. बाहेर आत्या ड्यूटी चुकेल म्हणून दारावर थापा मारत उभी. नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. एकदा तर वर्षभर दोघी एकमेकींशी मुलामार्फत बोलल्या होत्या. ती बाई आज म्हणत होती, कोमट.

"माझ्याकडे चला," आत्या म्हणाली. "कायमच्या."

वहिनीने पट्टीवर गाउनची किनार ओढली. "मुलगा असताना नणंदेकडे? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पाय भाजला तेव्हा लोक आले होते का फुंकर घालायला?"

"बघू."

वहिनीचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे आत्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. घरी परतल्यावर तिने कपाटातला एक कप्पा रिकामा केला. इतकी वर्षं एकटीने राहायची सवय. मनात आलं, हे काय विकतचं दुखणं घेतोय आपण? तिने कप्पा परत भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामा केला आणि गीझर आणायला निघाली.

रविवारी प्लंबर आला. देखरेख करायला भाचाही आला. भिंतीला चार भोकं पडली, न्हाणीघरभर विटेची तांबडी भुकटी झाली. टाकी चढल्यावर प्लंबरने गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग धार सलग झाली, तेव्हा त्याने नळ बंद केला.

"टाकी भरल्याशिवाय बटण लावायचं नाही, आजी," तो म्हणाला आणि बटण लावलं. तांबडा दिवा लागला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात वहिनी होती. एका हातात चाकांची बॅग, दुसऱ्या हाताने चौकट धरलेली. जिना चढून तिला धाप लागली होती.

"आई?" भाचा पुढे झाला. "तू एकटी कशी आलीस? सांगायचं ना, मी आणलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि ही बॅग?"

वहिनीने त्याच्या बाजूने बॅग आत ओढली. "वन्सं, पाणी तापलं का?"

आत्याने आधी दार लावून घेतलं. प्लंबरनेच उत्तर दिलं, "थोडं थांबावं लागेल. मोठी टाकी आहे ना."

"थांबते की." वहिनी न्हाणीघरासमोरच्या स्टुलावर बसली आणि बॅग गुडघ्यांजवळ घेतली.

"आई, अगं, आपल्या घरी गीझर आहे."

"आहे. माझी पाळी काही येत नाही."

भाचा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर खाली गेली. चपलेच्या पट्ट्यांमधून पायावरची नवी, गुलाबी कातडी दिसत होती.

"पायाला काय झालं? कधी झालं हे?"

प्लंबर पाने एकेक करून, आवाज न करता पिशवीत भरू लागला.

पाणी तापलं, गीझरचा दिवा विझला. वहिनी उठली, बॅगेतून टॉवेल काढला आणि आत जाऊन कडी लावली. आधी बादलीत धार पडली, मग शॉवर सुरू झाला. बराच वेळ चालू राहिला. दाराच्या खालच्या फटीतून वाफ बाहेर आली. भाचा येरझारा घालता घालता गीझरच्या बटणापाशी थांबला. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. आत्या येऊन बटणाला पाठ लावून उभी राहिली.

"मी नाही म्हटलं का कधी?" भाचा हळूच म्हणाला. "लावायचं होतं तिने."

"हो का?" आत्या म्हणाली.

तो दाराजवळ गेला. घसा साफ केला, बोटाने टकटक केली.

"आई, झालं का? निघू या ना मग घरी?"

आतलं पाणी थांबलं. खोलीत सगळे दाराकडे बघत राहिले. आत्यासुद्धा.

"नाही," आतून आवाज आला.

आणि पाणी पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठं.