दारावरचा आकडा

जानरावांनी गेरूचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवला, कुंचला त्यावर आडवा टाकला आणि कडी वाजवली. एकशे एकोणचाळीस घरं फिरून झाली होती. ही एकच खोली शेवटी ठेवली होती, आणि ती सहजच शेवटी राहिली असं ते दोन दिवस स्वतःला सांगत होते.

दार साधनानं उघडलं. त्यांची धाकटी बहीण. पुराला महिना झाला, तेव्हापासून ती अंगणवाडीमागच्या या भाड्याच्या खोलीत राहत होती.

"ये ना भाऊ."

"यादी नव्यानं करून राहिलो," ते म्हणाले. "सगळ्यायच्या घरी गेलो."

"मंग माह्याबी घरी या लागन. बस, च्या ठेवते."

पूर्णेकाठच्या या गावात आपत्तीची समिती उभी केली ती जानरावांनीच. मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस, हाताला काम नाही आणि जिभेला विश्रांती नाही, असं लोक म्हणत. अकोल्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले ते शिट्टी, दोर आणि एक युक्ती घेऊनच. प्रत्येक दारावर गेरूनं घरातल्या माणसांचा आकडा लिहायचा. पाणी चढलं की ट्रॅक्टरवाल्या श्यामनं दारात थांबायचं, आकडा वाचायचा, डोकी मोजायची आणि पुढं निघायचं. युक्ती चोख होती, हे कबूल करायला हवं. खोट होती ती मास्तरांच्या स्वतःच्या दारावर.

तिथं लिहिलं होतं चार. जानराव, बायको जमुना, मुलगा शिवम, सून आचल. साधना नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून दर्यापूरहून एक पिशवी घेऊन आली, तेव्हा विचारणाऱ्या पहिल्या माणसाला जानराव म्हणाले होते, "चार दिवस आली माहेरी." ते चार दिवस मग संपलेच नाहीत. रेशनकार्डावर तिचं नाव आणायचं म्हणजे तिकडून कमी करायचं, आणि कमी करणं म्हणजे संसार मोडला हे चारचौघांत मान्य करणं. म्हणून तिनं नऊ वर्षं भाकरी थापल्या, गुरं पाहिली, आणि पाहुणीच राहिली.

रंगीत तालमीच्या दिवशी तालुक्याचे साहेब आले होते. साधनाही पदर खोचून ट्रॅक्टरकडे निघाली, तेव्हा जानरावच म्हणाले होते, "तू घरीच थांब. आकडा चुकते." ती थांबली. साहेबांचा चहाही तिनंच केला.

खरं पाणी आलं ते ऑगस्टातल्या एका सकाळी. जानराव यादी घेऊन आधीच उंचावरच्या शाळेत पोचले होते. श्यामनं त्यांच्या दारातून तिघांना चढवलं, "मास्तर शाळेत, झाले चार," म्हणाला आणि निघाला. साधना मागच्या गोठ्यात बैलांची दावी सोडत होती. जमुनाला वाटलं, ती आधीच्या फेरीत गेली असेल. शाळेत जानरावांनी यादीत आपल्या घरापुढं खूण केली आणि साहेबांना फोनवर सांगितलं, शंभर टक्के. फोन अजून कानालाच होता, तेवढ्यात अंगणवाडीची सेविका प्रतीक्षा वर्गाच्या दारातून ओरडली.

"साधनाकाकू कुठी हाय?"

पाच तास ती गोठ्याच्या टिनाच्या छपरावर बसून होती. मग तिला उतरवून शाळेत आणलं. शाळेतून ती घरी परतलीच नाही. जमुना दोनदा बोलवायला जाऊन हात हलवत परत आली. दिव्याखाली अंधार, असं गाव म्हणालं असेलच. पण तोंडावर कुणी म्हणालं नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं.

चहा आला. जानरावांनी बशीत ओतला आणि तो तसाच निवत राहिला.

"साधना, घरी चाल. आजच आकडा पुसतो, पाच लिवतो. कारडाचंबी पाहतो."

"आता कायले, भाऊ?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू विचार, काय विचाराचं ते."

त्यांनी कागद मांडीवर घेतला. गावभर घडाघडा विचारलेला प्रश्न इथं त्यांनी कागदावरून वाचला.

"घरात माणसं किती?"

"एक."

"कुटुंबप्रमुख?"

"मीच ना." ती जराशी हसली. असं हसताना जानरावांनी तिला फार वर्षांत पाहिलं नव्हतं. आपल्या घरात ती कधी अशी हसली नाही, याचं त्यांना अतोनात वाईट वाटलं.

शेवटचा रकाना त्यांनी या वेळी स्वतः वाढवला होता: संकटात कोणाला कळवायचं. तो त्यांनी विचारला नाही. भाऊ समोर बसलेला असताना विचारायचं काय? त्यांनी पेन टेकवलं आणि 'जा' लिहूनही झाला.

"प्रतीक्षाचं लिव," साधना म्हणाली.

जानरावांनी लिहिलेलं खोडलं आणि शेजारी प्रतीक्षाचं नाव लिहिलं.

"नंबर?"

तो तिला पाठ होता. दहाही आकडे तिनं एकेक करून सांगितले, भावाला नीट लिहून घेता यावेत म्हणून.